संकटाची आगोट



मृग जवळ आला की किनाऱ्यावरच्या घरांत कोणाला काही सांगावं लागत नाही. मसाला कुटून बरणीत जातो. सुके बोंबील आणि सुकट डब्यांत भरली जाते. तांदूळ येतो, लाकडं कोरड्या जागी रचली जातात, कौलं परतून घेतली जातात, होड्या शाकारल्या जातात. ही आपली आगोट. घाटावरच्या मैत्रिणी तिला बेगमी म्हणतील. वेळ हातात असताना, ऊन असताना, 'पाऊस येणारच आहे' असं धरून केलेली ही तयारी असते.

सरकारी पुस्तकात याच गोष्टीला आपत्ती व्यवस्थापन म्हणतात. शब्द जड आहे, पण आत आगोटच आहे. घराची आगोट आपण आजीच्या आजीपासून भरत आलो. गावाची आगोट कशी भरायची, हे मात्र सरकार आणि समाज गेल्या दीडशे वर्षांत शिकले. एकेका मोठ्या संकटातून शिकले, आणि प्रत्येक धड्याची किंमत माणसांच्या जिवाने मोजली गेली. आज त्या शिकण्याचा इतिहास सांगायचा आहे. तो ऐकून झाल्यावर आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत काय ठरवायचं, तेही बोलू.

आमची डोंगरी

आधी आम्ही कुठून बोलतोय ते सांगतो. डोंगरी भाईंदरच्या पश्चिमेला आहे. मीरा-भाईंदर महानगरपालिका २००२ साली झाली आणि कागदावर आम्ही शहरात आलो. तरी डोंगरी, उत्तन, पाली, चौक, तारोडी ही अजून गावंच आहेत. एका बाजूला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, मागे टेकडी. भाईंदर स्टेशनकडून मुर्धा, राई, मोर्वा करत मिठागरांच्या अंगाने येणारा रस्ता ही आमची मोठी वाट. दुसरीकडे गेलं तर गोराई-मनोरी, आणि तिथून पुढे खाडी ओलांडायला होडी.

चौकच्या टेकडीवर धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत या किल्ल्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज झुंजले, कारण इथून खाडीच्या तोंडावरची ये-जा दिसते. कोण येतंय ते आधी कळलं तर पुढचं ठरवता येतं. वादळ, पूर, साथ यांनाही हाच नियम लागू पडतो.

दुष्काळाने शिकवलं: चिन्हं ओळखा

आपल्याकडची पहिली मोठी लेखी 'आगोट' दुष्काळातून आली. १८७६ ते १८७८ या काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यांत, म्हैसूर संस्थानात भयंकर दुष्काळ पडला. पन्नास लाखांहून अधिक माणसं गेली असा अंदाज आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावच्या बातम्या गोळा करून सरकारपुढे मांडल्या. सावित्रीबाई फुले जुन्नर भागात होत्या. एप्रिल १८७७ मध्ये ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. त्यात गाव सोडून जाणारी माणसं आहेत आणि मदतीला धावलेले सत्यशोधक कार्यकर्तेही आहेत.

सरकारने त्यानंतर आयोग नेमला. १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि १८८३ मध्ये दुष्काळ संहिता तयार झाली. त्या संहितेतली एक गोष्ट आजही मोलाची आहे. दुष्काळ जाहीर करायला माणसं मरायची वाट पाहू नका, आधीची चिन्हं बघा, असं त्यात होतं. धान्याचे भाव चढले का? उधारी बंद झाली का? लोक गाव सोडून निघाले का? रस्त्यावर भटकणारे वाढले का? अशी चिन्हं दिसली की आधी थोडी कामं काढून पाहायची. त्यांवर गर्दी झाली तर मोठी कामं सुरू करायची. ज्यांच्याने काम होणार नाही, त्यांच्या याद्या करून त्यांना घरी मदत द्यायची.

संहिता लिहिल्याने दुष्काळ थांबले नाहीत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० साली ते पुन्हा आले आणि पुन्हा फार माणसं गेली. कागद चांगला होता, पण हात आखडता होता. तरी 'किती झालं की काय सुरू करायचं' हे आधी लिहून ठेवायचं, ही पद्धत तिथून रुजली.

तिचं चांगलं फळ दिसलं ते १९७२ च्या दुष्काळात. त्या वेळची सुकडी अनेक घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना आठवते. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. त्यांत बायका फार मोठ्या संख्येने होत्या. खडी फोडत होत्या, बांधावर माती टाकत होत्या. हाल प्रचंड झाले, पण आधीच्या शतकासारखे मुडदे पडले नाहीत. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना या अनुभवातून पक्की झाली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणं हे उपकार न राहता हक्क बनलं. पुढे २००५ मध्ये देशभरासाठी असाच कायदा आला.

मैत्रिणींनो, उधारी बंद होणं, डबा रिकामा होणं, शेजारणीने डोरलं गहाण टाकणं ही चिन्हं सर्वांत आधी कोणाला दिसतात? आपल्याला. गावाच्या आगोटीतलं पहिलं काम हेच आहे. जे आपल्याला दिसतं, ते बोलायचं आणि कळवायचं.

प्लेगने शिकवलं: माणसांना सोबत घ्या

दुसरा धडा प्लेगचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लाखो माणसं शहर सोडून गेली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले. रोगी शोधायचे, सामान जाळायचं, घर रिकामं करायचं, असा तो कारभार होता. देवघर, स्वयंपाकघर, बायकांची अब्रू यांची पर्वा राहिली नाही. लोक इतके धास्तावले की रोगी लपवू लागले. रोगी लपले की साथ वाढते. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हा इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत.

रोग्याला वेगळं ठेवणं, उंदीर आणि घाण हटवणं ही कामं साथीत करावीच लागतात. पण ज्यांच्यासाठी करायचं त्यांना विश्वासात न घेता केलं, तर चांगला उपायही उलटतो.

याच काळात दुसरी वाटही दिसली. सावित्रीबाईंचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई रोग्यांना तिथे घेऊन येत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्यांना कोणी हात लावत नव्हतं, त्यांना त्यांनी हात लावला. सोजीर दारात आला की लोक रोगी लपवत, आणि ओळखीची बाई आली की दार उघडत. योजना बनवताना हा फरक लक्षात ठेवायला हवा.

मुंबईच्या जुन्या गावठाणांत प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस आजही दिसतात. आमच्यातल्या ख्रिस्ती मैत्रिणींना ते ठाऊक आहेत. लोकांनी त्यांच्यासमोर एकत्र प्रार्थना केल्या. संकटात माणूस आधी आपल्या माणसांजवळ, आपल्या श्रद्धेच्या जागी जमतो. म्हणून निरोप पोचवायचा तर चर्च, देऊळ, मशीद, समाजमंदिर यांना सोबत घ्यावंच लागतं. मार्च २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा सरकारने हाच १८९७ चा कायदा पुन्हा काढला. कायदा जुनाच होता, पण या वेळी दारोदार गेल्या त्या आशाताई आणि अंगणवाडीताई.

'रामदास'ने शिकवलं: निरोप वेळेत पोचवा

आता समुद्राकडे वळू. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी 'रामदास' बोट सकाळी निघाली. काशाच्या खडकाजवळ वादळी वाऱ्यात आणि लाटांत ती कलंडली आणि थोड्याच वेळात बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. त्यामुळे मुंबईच्या इतक्या जवळ एवढं घडूनही धक्क्यावर बातमी आली ती काही तासांनी, पोहत किनाऱ्याला लागलेल्या माणसांकडून. रेवसकडच्या कोळी बांधवांनी होड्यांतली मासळी समुद्रात टाकून बुडणाऱ्यांना वर घेतलं, असं त्या आठवणींत सांगितलं जातं.

या एका घटनेत आपत्तीचे दोन नियम दिसतात. पहिला असा की, निरोप पोचला नाही तर जवळची मदतही दूरच राहते. दुसरा असा की, पहिली मदत नेहमी शेजाऱ्याची असते. सरकारी पथक येईपर्यंतचे पहिले काही तास गावाचेच असतात. म्हणून गावाकडे दोर, शिडी, टॉर्च आणि पोहता येणारी माणसं आहेत का, हे आधी माहीत हवं.

निरोपाची जुनी खूण म्हणजे बंदरावरचा बावटा. 'तीन नंबरचा बावटा लागला' असं आपण ऐकतो. त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक असतोच असं नाही, म्हणून सांगतो. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे. तीन आणि चार म्हणजे बंदरालाच वाऱ्याचा धोका आहे, सावध राहा. पाच, सहा, सात म्हणजे धोका. आठ, नऊ, दहा म्हणजे मोठा धोका. आणि अकरा नंबरचा अर्थ सर्वांत गंभीर: हवामान खात्याशी संपर्कच तुटला आहे, आता स्थानिक अधिकाऱ्याने आपल्या अंदाजाने ठरवायचं. संपर्क तुटू शकतो, हेसुद्धा ज्यांनी आधी धरलं त्यांनी ही यादी केली. आपल्या योजनेतही 'मोबाइल बंद पडला तर काय' याचं उत्तर हवं. आमच्याकडे चर्चची घंटा आहे, तुमच्याकडे देवळातली घंटा किंवा भोंगा असेल. कुठला आवाज कशासाठी, ते ठरलेलं हवं.

किल्लारीने शिकवलं: उभारणीत बाईला जागा द्या

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली माणसं झोपेत होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत जमीन हादरली. जवळपास आठ हजार माणसं गेली. किल्लारी, सास्तूर ही नावं त्या दिवशी देशाला कळली.

माणसं मेली ती बहुतेक घरं अंगावर पडून. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या आणि वर माळवद. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून माळवदावर दरवर्षी मातीचा थर चढत गेलेला. भिंतीच्या आतला आणि बाहेरचा दगड एकमेकांत गुंतवलेला नव्हता. हादरा बसला तशी भिंत दोन्हीकडे उकलली आणि ती माती खाली आली. संकट टाळता येत नसलं तरी त्याची धार बोथट करता येते, हे इथे शिकायला मिळालं. भिंतीत आरपार दगड घालणं, भिंतींना चहूबाजूंनी पट्टा बांधणं, माळवदावरची माती कमी करणं यांनी जीव वाचतात. आपल्या भाषेत ही शाकारणीच आहे: पावसाआधी कौल बघायचं तसं भूकंपाआधी भिंत बघायची.

त्यानंतरच्या पुनर्वसनात ५२ गावं नव्याने वसवली गेली. शिवाय इतर गावांतली जवळपास दोन लाख घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती. ते काम ठेकेदाराकडे न देता घरमालकांनीच करायचं, पैसा टप्प्याटप्प्याने मिळेल, असं ठरलं. पण कागद समजावणार कोण? स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने महिला मंडळांना या कामात आणलं. गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. ज्या बाईने तोवर गवंड्याला चहा देण्यापलीकडे बांधकामात भाग घेतला नव्हता, ती सिमेंटचं प्रमाण विचारू लागली. भिंत ओली ठेवली का, पट्ट्यात गज किती घातले, ते मोजू लागली. ग्रामसभेत बोलू लागली.

या बायका पुढे आपल्या गावापुरत्या राहिल्या नाहीत. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका तिकडच्या बायकांना भेटायला गेल्या. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या कोळी वस्त्यांतही गेल्या. भाषा वेगळी होती, पण पडलेल्या घरापुढे बसलेल्या बाईला दुसरी तशीच बाई काय सांगते ते कळतं. मदत घेणारी बाई मदत देणारी झाली. आपल्या महाराष्ट्रातल्या या गोष्टीचा आपल्याला अभिमान हवा.

२६ जुलैने शिकवलं: जबाबदारी आधी वाटून द्या

२६ जुलै २००५ आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला आहे. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वेळी कुलाब्याला पाऊण शेच्या आतबाहेर. म्हणजे एका शहरात दोन टोकांना दोन ऋतू. रेल्वे थांबली, फोन बंद पडले, माणसं रात्रभर कंबरभर पाण्यातून चालत राहिली. अनोळखी लोकांनी घरं उघडली, चहा-बिस्किटं दिली. महाड तालुक्यात जुई, दासगाव अशा गावांवर दरडी कोसळल्या. राज्यात हजाराच्या आसपास माणसं गेली. पाणी ओसरल्यावर ऑगस्टमध्ये लेप्टोचा ताप पसरला. पाणी उतरलं म्हणजे संकट सरलं असं नसतं, हेही तेव्हा कळलं.

त्याच वर्षी, २३ डिसेंबर २००५ रोजी, देशात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्सुनामीचा आणि आधीच्या भूकंपांचा अनुभव त्यामागे होता. तोवर सरकारचं काम मुख्यतः संकट आल्यावर मदत वाटण्याचं असे. या कायद्याने आधीची तयारी बंधनकारक केली. देशात पंतप्रधान, राज्यात मुख्यमंत्री, जिल्ह्यात जिल्हाधिकारी या कामाचे प्रमुख झाले. प्रत्येक जिल्ह्याने योजना लिहायची, ती दरवर्षी तपासायची, आणि महापालिका, नगरपालिका, पंचायत यांनीही आपल्या वाट्याचं काम करायचं.

त्यामुळे तुमच्या गावची योजना विचारणं हा आगाऊपणा नाही. ग्रामसभेत किंवा वॉर्डाच्या कचेरीत जाऊन विचारा: आमच्या गावासाठी निवाऱ्याची जागा कुठली? तिथे संडास आहे का? पाणी आहे का? बायकांना वेगळी खोली आहे का? चावी कोणाकडे आहे? चावीचा प्रश्न लहान वाटतो, पण मध्यरात्री तोच सर्वांत मोठा असतो.

इशारा मिळाला, पुढे काय?

आता अगदी अलीकडचं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पण इशारा आधी मिळाला होता, किनाऱ्यावरची माणसं हलवली होती, म्हणून नुकसान प्रचंड झालं तरी मृत्यू थोडे झाले. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ रोजी, 'तौक्ते' आमच्या समोरच्या समुद्रातून गेलं. कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाचे झोत नोंदले गेले. हवामान खात्याने काही दिवस आधी सांगितलं होतं आणि मच्छीमारांच्या बहुतेक बोटी किनाऱ्याला आल्या होत्या. मात्र बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा तराफा २६१ माणसांसह समुद्रातच राहिला आणि बुडाला. तो आणि एक टग मिळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. दोन्हीकडे इशारा एकच होता. त्यावर निर्णय वेगळा झाला.

इशारा आणि निर्णय यांच्या मधल्या जागेत बायका फार सापडतात. बांगलादेशात १९७० च्या वादळात तीन लाखांहून अधिक माणसं गेली. त्यानंतर तिथे गावोगाव झेंडे आणि भोंगे घेऊन फिरणारे स्वयंसेवक उभे केले गेले. तरीही १९९१ च्या वादळात सव्वा लाखावर माणसं गेली, आणि त्यांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. इशारा ऐकूनही पुष्कळजणी घरातला पुरुष येऊन 'चल' म्हणेल याची वाट पाहत थांबल्या. मुलं, म्हातारी, गुरं सोडून निघवेना. निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत जायचं कसं, हीही भीती होती. पुढे त्यांनी निवारे वाढवले, बायकांसाठी वेगळी सोय केली, आणि बायकाच स्वयंसेवक झाल्या. आज त्यांच्या स्वयंसेवकांत जवळपास निम्म्या बायका आहेत. वादळं तेवढीच मोठी येतात, मृत्यू मात्र फार कमी झाले आहेत.

म्हणून आज रात्रीच घरात बोलून ठेवा: 'निघायचा निरोप आला आणि तुम्ही घरी नसलात, तर मी मुलांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन निघेन. तुमची वाट बघणार नाही. तुम्ही थेट शाळेत भेटा.' हे एक वाक्य आधी ठरलेलं असेल तर जीव वाचतो.

गटाची आगोट

शेवटी या सगळ्या इतिहासातून गटाने काय घ्यायचं? चार कामं आहेत: शाकारणी, भरणी, धाव आणि उभारणी.

शाकारणी म्हणजे धोका आधीच कमी करणं. बैठकीत गावाचा नकाशा जमिनीवर रांगोळीने काढा. पाणी कुठे भरतं, कुठली भिंत वाकली आहे, कुठलं झाड घरावर आहे, विजेची तार कुठे लोंबते, कुठला नाला बुजला आहे, हे त्यावर मांडा. टेकडीखालच्या घरांसाठी खूण अशी: जमिनीला नवी भेग पडली, झाडं-खांब कलले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर तिथे थांबायचं नाही. नकाशा कागदावर उतरवून अर्जासोबत कचेरीत द्या आणि पोच घ्या.

भरणी म्हणजे तयारी. प्रत्येक घरात एक पिशवी: टॉर्च, काडेपेटी, पिण्याचं पाणी, चणे-कुरमुरे किंवा बिस्किटं, रोजच्या गोळ्या, पाळीचे पॅड किंवा स्वच्छ कापड, बाळाचं दूध, थोडे सुटे पैसे. प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, आधार, पासबुक, घराचे आणि होडीचे कागद. गटाच्या वहीत एक यादी: गावात कोण अंथरुणाला खिळलं आहे, कोण गरोदर आहे, कोणाला दिसत-ऐकू येत नाही, कोण एकटं राहतं. प्रत्येक नावापुढे हाताला धरून बाहेर आणणाऱ्या दोघांची नावं. एक जण गावाला गेला तर दुसरा असायला हवा.

धाव म्हणजे प्रत्यक्ष संकटातलं काम. निरोप कोण कोणाला देणार याची साखळी करा, एकीने तीन घरांना सांगायचं. नंबर भिंतीवर लिहा: पोलीस व तातडीची मदत ११२, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, समुद्रात कोणी अडकलं तर तटरक्षक दल १५५४. वर्षातून एकदा, मृगाच्या आधी, सगळ्यांनी खरोखर चालत निवाऱ्यापर्यंत जाऊन या. आजीला किती वेळ लागतो, चढ कुठे जड जातो, हे चालल्याशिवाय कळत नाही.

उभारणी म्हणजे नंतरचं. पाणी उकळून प्या. पंचनाम्याच्या वेळी गटातल्या दोघी हजर राहा, नुकसानीचे फोटो काढा. सुकत घातलेली मासळी, शिलाई मशीन, कोंबड्या, मिरचीचा मसाला हीसुद्धा बाईची मिळकत आहे, ती नोंदवायला लावा. घर ज्याच्या नावावर, मदत त्याच्या हाती जाते. मग घराच्या कागदावर आपलं नाव आहे का, हे संकटाच्या आधीच पाहून ठेवायला नको का?

मैत्रिणींनो, दुष्काळ संहितेपासून २००५ च्या कायद्यापर्यंत हे सगळं शहाणपण दुसऱ्यांनी सोसलेल्या दुःखातून आपल्या हाती आलं आहे. ते फायलीत पडून राहिलं तर पुढच्या वेळी तीच किंमत आपल्याला मोजावी लागेल. तेव्हा बरण्या भरायला घ्याल त्याच आठवड्यात गटाची एक बैठक लावा. वही उघडा आणि पहिल्या पानावर लिहा: निवाऱ्याची चावी कोणाकडे आहे?

उत्तर मिळालं नाही, तर तिथूनच कामाला लागा.